शेतघरावरचा हॉट टब: मोटर दोन एचपीची, मग जेटला जोर का नाही?

रानवारा, शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, डोक्याला ताप झालाय म्हणून धागा काढतोय.

भोरच्या पुढे आमचं छोटं शेतघर आहे. बायकोची पाठ धरते, माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब बांधायचं ठरवलं. तयार अ‍ॅक्रिलिकचा टब खिशाला झेपेना आणि तो वर चढवायला धड रस्ताही नाही. मग काँक्रीटचाच बांधून घेतला. गोल, आतून ७ फूट व्यास, कडेने बसायला कट्टा, पाणी साधारण १८०० लिटर. कट्ट्यावर बसलं की पाठीला लागतील असे आठ जेट. जेट चांगले, बाहेरून मागवलेले, आतलं नोझल १० मिमीचं.

काम एका कॉन्ट्रॅक्टरने केलं. पोहण्याचे तलाव बांधतो म्हणाला होता. त्याने २ एचपीची मोनोब्लॉक मोटर (पंप आणि मोटर एकाच बॉडीत) बसवली आणि "साहेब, पाठ सोलून निघेल" अशी हमी दिली.

कसलं काय! पहिल्या दोन जेटमधून बऱ्यापैकी पाणी येतं, मधल्या जेटना पाठ लावली तर कोणी हळूच फुंकर घातल्यासारखं वाटतं आणि शेवटचे दोन तर नळ नीट बंद न झाल्यासारखे गळतात. बुडबुडे फक्त पहिल्या तीन-चारांना. वर मोटर अशी वाजते की आत कोणी मूठभर खडी टाकलीय. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणतो, "३ एचपी टाकू, बावीस हजार पाठवा."

पैसे पाठवण्याआधी इथे विचारतोय. काय चुकलंय?

मावळतीकडे, शनिवार, रात्री १०.०५

बावीस हजारात माझ्या ओळखीचे एक मालिशवाले काका वर्षभर येतील. बुडबुडे ते तोंडाने काढतील. 😄

सॉरी. वाचतोय. फोटो टाका.

फूटव्हॉल्व्ह, शनिवार, रात्री १०.३०

पैसे अजिबात पाठवू नका.

तीस वर्षं पंपांत काढलीत, आता निवृत्त आहे. एवढी माहिती द्या: मोटरच्या प्लेटवर हेड (पाणी किती मीटर उंच ढकलते, म्हणजे दाब) आणि डिस्चार्ज (मिनिटाला किती पाणी देते) यांचे आकडे काय आहेत? सक्शनचा (पाणी खेचणारा) आणि डिलिव्हरीचा (पाणी पुढे नेणारा) पाईप किती इंची? मोटर टबापासून किती लांब आणि पाण्याच्या पातळीच्या वर की खाली? आठही जेट एकाच लायनीवर एकामागे एक आहेत का? वाटेत एल्बो, म्हणजे पाईपाची काटकोनी वळणं, किती, तेही मोजा.

आणि एक काम करा. टबातलं पाणी जेटच्या खाली उतरवा, मोटर चालू करा आणि एकेका जेटखाली १० लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहून काढा. आठही जेटचं. कंटाळा करू नका.

रानवारा, रविवार, दुपारी १.१५

सकाळपासून तेच केलं. मुलगी मोबाईलवर सेकंद मोजत होती, मी बादली धरून. पहिल्या जेटचं पाणी आडवं उडतं, बादलीत मावेना. शेवटी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून जेटच्या तोंडावर चढवला, तेव्हा धार खाली वळली.

पहिली बादली २० सेकंदांत भरली. शेवटची १०० सेकंदांत. हिशेब करून मिनिटाला लिटर असे आले: ३०, २६, २१, १७, १३, १०, ७, ६.

प्लेटवर हेड २०/३०/४० मीटर आणि त्यासमोर डिस्चार्ज १९०/१३०/६० लिटर प्रति मिनिट. पाईप सगळा एक इंची, सक्शनही आणि डिलिव्हरीही. जेटच्या बॉडीला दीड इंची तोंड आहे, त्यात रिड्यूसर घालून एक इंची केलंय. मोटर बारा मीटर लांब, बोअरच्या खोलीत, टबापेक्षा तीनेक फूट उंच. आठही जेट एकाच लायनीवर, शेवटच्यापाशी एंड कॅप. दिसतात तेवढे एल्बो डिलिव्हरीलाच चौदा.

फूटव्हॉल्व्ह, रविवार, दुपारी ४.००

तुमच्या आकड्यांची बेरीज करा. १३० येते. प्लेटवर ३० मीटर हेडसमोर काय लिहिलंय? १३०. म्हणजे मोटर आपलं काम चोख करतेय, तिला शिव्या देऊ नका. ती अठ्ठावीस-तीस मीटर हेडवर राबतेय आणि त्यातलं जेटच्या तोंडाशी जेमतेम दोन मीटर पोचतंय. बाकी सगळं पाईपाने खाल्लं.

आता जेटला लागतं काय ते बघू. पाठीला चांगलं दाबेल अशा एका मोठ्या जेटला मिनिटाला ४० ते ५५ लिटर पाणी लागतं. ५० धरू. दहा मिमीच्या भोकातून ५० लिटर बाहेर पडताना वेग सेकंदाला साडेदहा मीटर होतो आणि तेवढा वेग यायला नोझलपाशी हेड लागतं सहा-सात मीटर. बस्स. दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा जेवढा दाब खालच्या नळाला असतो तेवढाच. चाळीस मीटरचं कामच नाही इथे. पण पाणी मात्र आठ जेटचं ४०० लिटर हवं. तुम्हाला मिळतंय १३०.

तुमच्या मधल्या जेटना सोळाच्या आसपास लिटर मिळतात, पाहिजेत त्याच्या एक तृतीयांश. पण पाठीला लागणारा धक्का पाणी आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरतो. भोक तेच असेल तर पाणी तिसरा हिस्सा झाल्यावर वेगही तिसरा हिस्सा होतो आणि धक्का जवळजवळ दहावा हिस्सा. म्हणून फुंकर.

पाईपाचं बघा. एक इंची पाईपातून १३० लिटर जातात तेव्हा दर मीटरला साधारण ४० सेंटीमीटर हेड घर्षणात जातं. बारा मीटरला पाच मीटर गेले, चौदा एल्बोंना आणखी पाच. याच पाईपातून ४०० लिटर ढकलायचं म्हटलं तर मीटरला तीन मीटरच्या वर नुकसान, म्हणजे नुसत्या सरळ पाईपालाच चाळीस मीटर लागतील. तीन एचपी टाका, पाच टाका, बिल वाढेल आणि पाईप तापेल.

दोन इंची, म्हणजे ६३ मिमीचा पाईप घेतला तर तेच ४०० लिटर मीटरला फक्त १० सेंटीमीटर नुकसानीत जातात. तीन मीटरच्या जागी दहा सेंटीमीटर! पाईपाचा व्यास दुप्पट केला की घर्षण तिसाव्या हिश्श्यावर येतं. गावोगाव लोक मोटरवर हजारो रुपये घालतात आणि पाईपात कंजुषी करतात, ते बघून निवृत्तीनंतरही माझा बीपी वाढतो.

जेटसाठी वेगळ्या जातीचा पंप मिळतो. हेड दहा-बारा मीटर, पाणी भरपूर. पोहण्याच्या तलावाला फिल्टरसाठी लावतात तसा, पुढे पारदर्शक झाकणाची जाळीची टोपली असलेला. ४०० लिटर आणि दहा-अकरा मीटर हेड यांचा हिशेब केला तर तोही दीड ते दोन एचपीचाच निघतो. वीज तेवढीच खाणार, स्वभाव वेगळा.

चाफेकळी, रविवार, संध्याकाळी ६.२०

फूटव्हॉल्व्ह काका, दंडवत! मी साइटवर असते, पण बिल्डिंगची. पाण्याच्या लायनीचं असं गणित आम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही.

एक विचारू का? बुडबुडे शेवटच्या जेटना का नाहीत? हवेचा पाईप तर सगळ्यांना सारखाच असेल ना?

फूटव्हॉल्व्ह, रविवार, रात्री ८.१०

चांगला प्रश्न, जेटची सगळी गंमत त्यातच आहे.

जेटच्या बॉडीला मागून दोन तोंडं असतात, एक पाण्याचं, एक हवेचं. आत पाणी बारीक नोझलमधून जोरात सुटतं आणि पुढच्या रुंद नळीत शिरतं. नोझलच्या भोवती जी पोकळी असते तिथला दाब या धारेमुळे बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग हवेच्या पाईपातून हवा आपोआप आत ओढली जाते आणि पाण्यात मिसळून बाहेर पडते. हवेला वेगळी मोटर नाही, काही नाही. व्हेंच्युरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये आकुंचलेल्या नळीतल्या प्रवाहावर लिहिलं, त्याचंच नाव याला पडलं.

आता मोटर बंद असताना काय होतं? जेट पाण्याखाली दीड फूट आहे. हवेच्या पाईपात टबाच्या पातळीपर्यंत पाणी चढून बसतं. मोटर सुरू झाली की आधी ते दीड फूट पाणी ओढून बाहेर काढायचं आणि मग हवा ओढायची. तीस लिटरचा जेट ते करतो. सात लिटरच्या जेटमध्ये तेवढी ओढ नसते, त्याच्या हवेच्या पाईपात पाणी तसंच तुंबून राहतं.

रानवारा, हवेचा पाईप किती इंची आणि कुठून कसा फिरवलाय तेही बघा. मध्ये कुठे झोळ असेल तर तिथे पाणी साठतं आणि हवा अडते.

मावळतीकडे, रविवार, रात्री ८.४५

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. अशा टबाला लोक जकुझी म्हणतात, ते मुळात आडनाव आहे हे मला फार उशिरा कळलं. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले सात भाऊ. आधी विमानाचे पंखे बनवायचे, मग बंद केबिनचं विमान बनवलं. १९२१ मध्ये त्या विमानाचा अपघात झाला, त्यात एक भाऊ गेला. विमानांचा नाद सोडून ते पंपांकडे वळले आणि विहिरीसाठी जेट पंप बनवू लागले. टबाशी संबंध आला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. एका भावाच्या, कांदिदोच्या, लहान मुलाला संधिवात होता. हॉस्पिटलात मिळतो तसा पाण्याचा शेक घरी मिळावा म्हणून बापाने बाथटबात सोडायचा पंप तयार केला. तिसऱ्या पिढीतल्या रॉय जकुझीने १९६८ मध्ये टबाच्या भिंतीतच जेट बसवले.

म्हणजे आमच्या आजोळी बोअरवर जो दोन पायपांचा जेट पंप घरघरायचा तो आणि पंचतारांकित हॉटेलातला टब हे सख्खे चुलतभाऊ म्हणायचे का?

फूटव्हॉल्व्ह, रविवार, रात्री ९.०५

सख्खेच. नुसत्या सक्शनने सात-आठ मीटरच्या खालचं पाणी वर येत नाही. म्हणून बोअरवरच्या त्या पंपात एका पाईपातून पाणी खाली दाबायचं, तळाशी नोझलमधून सोडायचं आणि त्या ओढीने बोअरचं पाणी दुसऱ्या पाईपातून वर आणायचं. तिथे धार पाणी ओढते, इथे हवा.

उणे_तीस, सोमवार, पहाटे ५.५०

कॅलगरीहून. आमच्याकडे घरोघरी मागच्या डेकवर हॉट टब असतात. बर्फ पडत असताना डोक्यावर लोकरी टोपी घालून ३९ अंश पाण्यात बसायचं, फार भारी वाटतं. पण मी वेगळ्याच कारणासाठी लिहितेय.

रानवारा, तुमच्या टबाला पाणी खेचायची भोकं किती आहेत आणि त्यावर जाळी कसली?

रानवारा, सोमवार, सकाळी ८.३०

एकच आहे, तळाशी मध्यभागी. वर ८ इंची गोल सपाट स्टीलची जाळी. बाथरूमच्या मोरीला असते तशी, फक्त मोठी. का?

उणे_तीस, सोमवार, सकाळी ९.१०

ताबडतोब मोटरचा स्विच काढून ठेवा आणि मुलीला टबाजवळ जाऊ देऊ नका. घाबरवायला लिहीत नाहीये.

२००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबाच्या तळाच्या जाळीला खेचली जाऊन बुडाली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. चांगली पोहणारी होती. मोठ्या माणसांनी ओढूनही ती सुटत नव्हती. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. सपाट जाळी चालत नाही, फुगीर झाकण लागतं. सक्शन दोन असायला हवेत, एकमेकांपासून किमान तीन फूट लांब आणि एकाच पाईपावर जोडलेले. एक अंगाखाली झाकला गेला तर पंप दुसऱ्यातून पाणी घेतो, अंग धरून ठेवत नाही.

फूटव्हॉल्व्ह, सोमवार, सकाळी ९.४०

ताईंनी वेळेवर विचारलं. हे माझ्या नजरेतून सुटलं, माझी चूक.

आकडाच देतो. ८ इंची जाळी पूर्ण झाकली गेली आणि पंपाची ओढ नुसती पाच मीटरची धरली, तरी झाकणाऱ्या अंगावर दीडशे किलोच्या वर ताकद येते. तुमच्या मोटरची ओढ त्याहून जास्तच असणार, कारण खडीसारखा आवाज हा सक्शनला पाणी अपुरं पडत असल्याचा आहे. पंपात पाण्याची वाफ होऊन फुटतेय.

रानवारा, सोमवार, रात्री ११.००

आत्ता शेतघरावरच आहे. ऑफिसातून थेट इकडे आलो, फ्यूज काढून खिशात घातला आणि पाणी सोडून दिलं.

गेल्या रविवारी मुलगी त्या जाळीवर पाय ठेवून "बाबा, पाय चिकटतोय" म्हणून हसत होती. मीही हसलो होतो.

चाफेकळी, मंगळवार, सकाळी ७.३०

😔 वेळेत कळलं, हे फार बरं झालं.

आता कामाचं बोलूया. पाईप काँक्रीटमध्ये गाडलेत का? तसं असेल तर तोडफोड मोठी होईल. टबाच्या बाहेरच्या बाजूला काय आहे?

रानवारा, मंगळवार, सकाळी ८.१५

टब अर्धा जमिनीत, अर्धा वर. बाहेरून दगडाची भिंत आणि मधल्या फूटभर जागेत मुरुमाचा भराव. जेटच्या बॉडी काँक्रीटमध्ये, पाईप सगळा भरावात. कॉन्ट्रॅक्टरने खर्च वाचवला तो इथे मला फळला म्हणायचा.

हवेचा पाईप अर्धा इंची आहे. उकरून बघितला तर सापासारखा वरखाली गेलाय. त्याचं तोंड टबाच्या काठाखाली, पाण्याच्या पातळीपासून चार बोटं वर.

चाफेकळी, मंगळवार, सकाळी ९.००

मग निम्मं काम सोपं. जेट आतल्या प्लास्टरशी नीट सपाटीला असतील तर बॉडींना हात लावू नका. मागचा भराव काढा, जुनी लाईन कापून टाका. दुसऱ्या सक्शनसाठी तळाला कोअर कटिंग (मशीनने गोल भोक कापणं) करून घ्या, छिन्नी-हातोडा चालवाल तर वॉटरप्रूफिंगला तडे जातील. पाईप कडेने कसा बसवायचा आणि सांधा कसा भरायचा ते वॉटरप्रूफिंगवाल्याकडूनच करून घ्या.

आणि माझी हात जोडून विनंती: नवी लाईन भरावात गाडण्याआधी जेटची तोंडं बंद करून दीड-दोन किलोचा दाब द्या आणि चोवीस तास गेज बघा. भराव टाकतानाही दाब तसाच ठेवा. कोणाचं फावडं पाईपाला लागलं तर काटा तिथल्या तिथे पडेल, सहा महिन्यांनी ओल यायची वाट बघावी लागणार नाही.

फूटव्हॉल्व्ह, मंगळवार, दुपारी १२.१५

चाफेकळींशी सहमत. आता लाईन कशी टाकायची ते लिहितो, मिस्त्रीला हेच वाचून दाखवा.

मोटर बोअरच्या खोलीतून काढा. टबाच्या जवळ, तीन-चार मीटरवर, पाण्याच्या पातळीच्या खाली छोटा खड्डा बांधून तिथे बसवा. पाणी स्वतःच्या वजनाने पंपात येऊ द्या, मग सक्शनचं पाणी मागे उतरू न देणारा फूटव्हॉल्व्ह लागणारच नाही. (माझं नाव असलं तरी सांगतो, त्याला काढून टाका.) खड्ड्यात पावसाचं पाणी साठणार नाही एवढी वाट मात्र ठेवा.

सक्शन अडीच इंची, म्हणजे ७५ मिमी. त्यातून ४०० लिटर सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास वेगाने येतात. सक्शनला याच्या वर जाऊ नये. दोन्ही सक्शनच्या झाकणांवर लिटरचा आकडा छापलेला असतो, तो प्रत्येकाचा ४०० च्या वर असलेलाच घ्या. निम्मं-निम्मं पाणी वाटून घेतील हा हिशेब इथे चालत नाही, कारण एक झाकला गेला की सगळं पाणी दुसऱ्यावर येतं.

डिलिव्हरी दोन इंची टबापर्यंत आणायची आणि टबाभोवती दीड इंची कडं करायचं. एंड कॅप नाही, लाईन फिरून स्वतःलाच टीने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडायची. तुमची आत्ताची लाईन म्हणजे कालवा झालाय. मुखाजवळचा ऊस जोमात आणि टेलच्या शेतकऱ्याला थेंब नाही. कडं केलं की पाणी प्रत्येक जेटला दोन्ही बाजूंनी येतं, निम्मं इकडून निम्मं तिकडून, आणि टेल असा कोणी राहतच नाही. जेटचं दीड इंची तोंड दीडच ठेवा, रिड्यूसर फेकून द्या. काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा, नाहीतर पंचेचाळीसचे दोन जोडा.

हवेचं कडं वेगळं, सव्वा इंची. ते पाण्याच्या पातळीच्या वर फिरवा, झोळ अजिबात नको, प्रत्येक जेटला वरून सरळ खाली एक फांदी. बाहेरचं तोंड पातळीपासून फूटभर वर आणि त्यावर चावी. चावी बंद केली की नुसतं पाणी, उघडली की बुडबुडे. थंडीत चावी अर्धीच उघडा, कारण ओढली जाणारी हवा गार असते आणि टब भराभर निवतो.

पाण्याचं कडं एका बाजूला किंचित उताराचं करून खाली ड्रेन ठेवा, टब रिकामा केला की पाईपही पूर्ण रिकामा व्हायला हवा.

चिकित्सक, मंगळवार, रात्री १०.२०

शेवटचं वाक्य जाड अक्षरात लिहायला हवं होतं. कोमट पाणी पाईपात दिवसेंदिवस साचून राहिलं की आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्यात लिजिओनेला नावाचा, न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. जेट सुरू केले की तेच पाणी बारीक तुषार होऊन नाकासमोर उडतं. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका फुलांच्या प्रदर्शनात असे टब नुसते दाखवायला चालू ठेवले होते, कोणी आत बसलंही नव्हतं. शेजारून चालत गेलेली माणसं आजारी पडली, तीसच्या आसपास दगावली.

क्लोरीन किमान ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८, चाचणीच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. पाणी ४० अंशांच्या वर कधीही नको, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. गरोदर बायका, हृदयाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दारू पिऊन आत बसू नये, हेही लिहूनच ठेवतो, कारण शेतघर म्हटलं की काय काय होतं ते मला माहीत आहे.

खारीचा_वाटा, बुधवार, सकाळी ७.००

वायरमन आहे. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच), वेगळी अर्थिंग आणि टबापासून हात पोचेल अशा अंतरावर एकही स्विच नको. आत बसून मोटर चालू-बंद करायला हवेवर चालणारं बटन मिळतं, त्यात टबापर्यंत नुसती प्लास्टिकची बारीक नळी येते, वायर नाही. भोरकडे लाईट जाते-येते, आरसीसीबीचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबायचं.

मावळतीकडे, बुधवार, सकाळी ९.३०

आणि १८०० लिटर तापवणार कशावर? आजीच्या बंबावर? 😄

रानवारा, बुधवार, सकाळी १०.००

हसू नका, बंबही आहे. पण हिशेब केलाय. २५ चं पाणी ३८ ला न्यायला २७ युनिट लागतात. ३ किलोवॉटचा हीटर लावला तर नऊ तास. म्हणून ३०० लिटरचे दोन सोलर आहेत, त्यांचं पाणी उन्हाळ्यात ६० पर्यंत जातं. ते सगळं टबात सोडलं की साडेछत्तीस होतं, उरलेलं हीटर करतो. पावसाळ्यात सगळाच आनंद.

रानवारा, सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. काम झालं.

पंप नवा घेतला, दीड एचपीचा. प्लेटवर ११ मीटरला ४१० लिटर लिहिलंय ते बघूनच घेतला. दुकानदार जास्त हेडवाला गळ्यात मारत होता, "त्याच पैशात डबल प्रेशर." मिस्त्री गावातलाच घेतला, फूटव्हॉल्व्ह काकांची पोस्ट छापून दिली. त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "हे तर ठिबकच्या लायनीसारखंच झालं." तळाला कोअर कटिंगला पुण्याहून माणूस आणला. दोन्ही सक्शनला फुगीर झाकणं बसवली, अंतर साडेतीन फूट.

दाबाच्या चाचणीत पहिल्या रात्रीच काटा दोनवरून सव्वावर आला. पाईप चिकटवायचं सोल्यूशन लावायच्या आधी एका सांध्यावरची माती पुसली गेली नव्हती. तो कापून नवा केला, मग चोवीस तास काटा जागचा हलला नाही.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा आठही जेट सुटले, पण तिघांना बुडबुडे नाहीत. मला वाटलं झालं पुन्हा तेच. मिस्त्रीने हवेच्या कड्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला. खालची वीट सरकून पाईप दोन बोटं खचला होता. वीट बसवली, चावी उघडली, आधी गुळगुळ आवाज झाला आणि मग तिघेही एकदम फसफसले.

काल पुन्हा बादल्या भरल्या. ट्यूबचा तुकडा पहिल्या जेटवरून उडून कुंपणापाशी पडला, दोरीने बांधावा लागला. पहिल्या जेटची बादली १२ सेकंदांत, आठव्याची १३. मोटरचा आवाज आतल्या खोलीत ऐकूही येत नाही.

मुलीने आत उतरायच्या आधी पाय एका झाकणावर ठेवून बघितला, मी स्विचपाशी उभा होतो. "चिकटत नाही," म्हणाली. पाऊण तास बसली, बाहेर काढताना भांडण झालं.

फूटव्हॉल्व्ह, रविवार, रात्री ९.५०

१२ आणि १३! शाब्बास. मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा.

पाऊण तास मात्र जास्त आहे, चिकित्सक रागावतील. जुन्या मोटरचं काय केलंत? भंगारात घातली नाही ना?

रानवारा, रविवार, रात्री १०.१०

नाही. वरच्या टेकाडावर आंब्याची साठ कलमं आहेत, टाकीपासून पंचवीस मीटर चढ. आजवर डोक्यावरून हंडे जात होते. मोटर तिकडे लावलीय आणि काय पाणी चढवते म्हणता! काल पहिल्यांदा शेवटच्या कलमापर्यंत पाणी पोचलं.

चाफेकळी, सोमवार, सकाळी ७.४५

फोटो टाका ना आता. आणि ती वीट सिमेंटने पक्की केलीत का?